उत्तराचा ताळा

शाळेत भागाकाराचं गणित सोडवलं की खाली ताळा करून दाखवावा लागे. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, आणि भाज्य परत आला पाहिजे. मला त्याचा भयंकर कंटाळा. उत्तर आलंय ना, मग परत उलट्या पावली कशाला जायचं? मी बहुतेक वेळा वरचा भाज्य बघून खाली तसाच उतरवून ठेवायचे. पुढे हिशेबाचीच नोकरी पदरात पडली आणि सहा वर्षं दुसऱ्यांच्या जमाखर्चाचे ताळे बघत बसले, तेव्हा वाटलं की त्या लबाडीची सव्याज परतफेड झाली. ती झाली नव्हती. खरी वसुली जीवशास्त्राने केली.

वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसायचं मी का ठरवलं, ही वेगळी गोष्ट आहे. आजवर चार जणांनी विचारलं आणि चौघांना मी चार वेगळी उत्तरं दिली. ठरवलं एवढं खरं. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांची भीती नव्हती. आकडे म्हटलं की हात आपोआप चालतो. जीवशास्त्र मात्र शाळेत सोडलं ते सोडलंच होतं. शिकवणी लावायला वेळ जुळत नव्हता, त्यामुळे पहाटेचे दोन तास आणि रात्रीचा जमेल तेवढा वेळ, मी आणि पुस्तकं.

पहिले तीन महिने फार सुखाचे गेले, हे आता आठवलं की लाज वाटते. जीवशास्त्राचं पुस्तक वाचायला सोपं असतं. पदार्थविज्ञानात एखादी पायरी कळली नाही की तिथेच ठेच लागते, पुढे जाताच येत नाही. जीवशास्त्र कुठे अडवत नाही. पेशी, पेशीपटल, तंतुकणिका, सगळे शब्द शाळेपासून ओळखीचे, चित्रं रंगीत, वाक्यं सरळ. धडा संपतो आणि आपल्याला तो आला असं वाटतं. मी पिवळ्या पेनाने महत्त्वाच्या ओळी रंगवत गेले. नंतर गुलाबी पेन आणलं, कारण पिवळ्यातलं महत्त्वाचं आणि फार महत्त्वाचं यांत फरक करायचा होता. एका धड्यात न रंगवलेल्या ओळीच कमी उरल्या.

मग एका पहाटे वीज गेली. पुस्तक समोर, दिसत काही नाही, म्हणून म्हटलं मनातल्या मनात पचनसंस्था म्हणून बघू. तोंडापासून जठरापर्यंत बरी पोहोचले. स्वादुपिंडाचा रस नेमका कुठे येऊन मिळतो, पित्त बनतं कुठे आणि साठतं कुठे, इथे गाडी रुतली. ते पान मी आदल्याच रात्री दोन रंगांत रंगवलं होतं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली या फसवणुकीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला वाचून झाल्यावर उतारा न बघता आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. आणि आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. हे वाचून मला बरं वाटलं. निदान मूर्खपणा माझा एकटीचा नव्हता.

तर मग मी पुस्तक मिटून लिहायला लागले. आता सगळं ठीक होईल असं वाटलं. इथे हृदयाची गोष्ट सांगायला हवी.

हृदयाच्या आकृतीची नुसती बाह्यरेषा आणि आतले कप्पे असलेले कोरे कागद मी करून ठेवले होते. रोज एक घ्यायचा, नावं भरायची. उजवं अलिंद (म्हणजे वरचा कप्पा), उजवं निलय (म्हणजे खालचा), डावं अलिंद, डावं निलय, महाधमनी, फुप्फुसधमनी, त्रिदल झडप, द्विदल झडप. मग यादी काढून ताडायचं. आठच्या आठ नावं आली की बरोबरची खूण. असे दोन महिने खुणा पडत गेल्या. मग एका सराव परीक्षेत प्रश्न आला, हृदयाच्या कोणत्या कप्प्याची भिंत सर्वांत जाड? माझ्या डोळ्यांपुढे आकृती लख्ख उभी राहिली. मी उजवं निलय निवडलं आणि एक सेकंदही न घालवता पुढच्या प्रश्नावर गेले.

चूक काय होती ते कळायला अख्खी संध्याकाळ गेली. पुस्तकातलं हृदय आपल्या छातीतलं नसतं, आपल्यासमोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं असतं. त्याची डावी बाजू कागदाच्या उजवीकडे येते. मी मात्र माझ्या हाताप्रमाणे, डावीकडे डावं आणि उजवीकडे उजवं, असं लिहीत होते. कागदावर उजव्या हाताला काढलेल्या त्या जाडजूड भिंतीवर दोन महिने रोज इमानदारीने 'उजवं निलय' असं नाव पडत होतं. नावं आठ होती, आठही बरोबर होती, फक्त चुकीच्या घरांत राहत होती. आणि ताळा मी कशाशी करत होते? यादीशी. म्हणजे पुन्हा वरचा भाज्य खाली उतरवणंच ते.

शिक्षक समोर असता तर त्याने पहिल्याच कागदावर बोट ठेवलं असतं. एकट्याने शिकताना तसं बोट ठेवायला कुणी नसतं, आणि हे आपण धरूनच चाललेलो असतो. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. उजवं निलय रक्त ढकलतं ते शेजारच्या फुप्फुसांपर्यंत. डावं ढकलतं ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. दोघं मिनिटाला सारखंच रक्त बाहेर टाकतात, तरी उजव्याचा दाब साधारण २५ मिलिमीटर पारा आणि डाव्याचा १२०. मग भिंत कुणाची जाड असायला हवी? हे मला माहीत होतं. सगळे आकडे पाठ होते. ते एकमेकांसमोर उभे करून बघण्याचं मात्र सुचलं नव्हतं. जमेची वही एका कपाटात आणि खर्चाची दुसऱ्या, अशातली गत.

विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याशी माझी खरी ओळख त्या आठवड्यात झाली. १६२८ साली त्याने रक्त शरीरात फिरत राहतं असं मांडलं, हे एका ओळीत सगळीकडे असतं. ते त्याला कशावरून कळलं, ते बहुधा नसतं. त्याच्या आधीची समजूत अशी की खाल्लेल्या अन्नापासून यकृत रक्त बनवतं आणि ते अवयवांत जाऊन खर्च होतं. हार्वीने इतर पुराव्यांबरोबर सरळ हिशेब मांडला. एका ठोक्याला हृदय किती रक्त टाकतं, अर्ध्या तासात ठोके किती, गुणाकार करा. त्याने हाताशी धरलेले आकडे मुद्दाम कमी होते, तरी अर्ध्या तासात निघणारं रक्त शरीरातल्या एकूण रक्ताहून जास्त भरलं. आजच्या आकड्यांनी करून बघा: ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर आणि दिवसाला सात हजार लिटरच्या वर. एवढं रक्त रोज नव्याने बनवायला यकृताला किती अन्न लागेल? खर्च जमेपेक्षा इतका अफाट दिसतो तेव्हा एकच अर्थ निघतो, तोच पैसा फिरून परत येतोय. हे वाचताना मी खुर्चीत ताठ बसले. आपल्याच धंद्यातला माणूस!

त्याच्या हिशेबात एक ओळ कोरी होती. धमन्यांतलं रक्त शिरांमध्ये कुठल्या वाटेने जातं ते त्याला कधीच दिसलं नाही. १६५७ साली तो गेला आणि १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन वैद्याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या बारीक वाहिन्या पाहिल्या. केशवाहिनी हा शब्द शाळेत मी कितीदा लिहिला असेल, पण त्यातला केस मला तोपर्यंत दिसला नव्हता.

तेव्हापासून मी प्रत्येक धड्यात आकडे शोधायला लागले. पाठ करायला नव्हे, एकमेकांवर घासून बघायला. शरीरात असा हिशेब सगळ्यात दाट लागतो तो मूत्रपिंडात.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळतात. दिवसाचे झाले १८० लिटर. मूत्र होतं साधारण दीड लिटर. म्हणजे गाळलेल्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत रक्तात घेतलं जातं. रक्तातला द्रव भाग जेमतेम ३ लिटर. तो दिवसात साठेक वेळा गाळून निघतो. एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे गाळणी लावलेल्या सूक्ष्म नळ्या, हे काम करत असतात. (जाता जाता: रक्तातली साखर शंभर मिलिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की ती मूत्रात उतरायला लागते, कारण तिला परत उचलणारे हात मोजकेच असतात. हा १८० आणि तो १८०, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझ्या वहीत आठवडाभर होता.)

हा धडा मी आईला समजावायला घेतला. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं आणि ती कपाट आवरत असल्यामुळे उठून जाणार नव्हती. मी रंगात येऊन केशिकागुच्छ, हेन्लेचा वळसा, मीठ कुठे बाहेर येतं आणि पाणी कुठे, सगळं हातवारे करून सांगितलं. ती मधून मधून हं म्हणत होती. आकडे सांगून झाल्यावर थांबली.

"काय गं, जवळजवळ सगळंच परत घ्यायचंय तर आधी बाहेर काढायचं कशाला? नको असलेलं तेवढं उचलून टाकावं की."

मी म्हटलं, "आई, ते असंच असतं."

"असंच म्हणजे?"

मला उत्तर येत नव्हतं. पुस्तकात हा प्रश्नच नव्हता. मी परत खोलीत जाऊन धडा वाचला, दुसरं पुस्तक काढलं, त्यातही गाळणं आणि परत घेणं यांची वर्णनं होती, का ते नव्हतं. तासाभराने पाणी प्यायला बाहेर आले तर आईने कपाटातलं होतं नव्हतं ते सगळं पलंगावर काढलं होतं आणि एकेक वस्तू आत ठेवत होती. एवढं सगळं का काढलंस, म्हणून विचारलं.

"नाहीतर कोपऱ्यात काय काय साठलंय ते कळतं का? सगळं बाहेर काढायचं, लागतं तेवढंच आत ठेवायचं. उरेल ते आपोआप टाकायचं."

मी तशीच उभी राहिले. टाकायचं तेवढंच उचलायचं म्हटलं, तर शरीराला प्रत्येक घाण, प्रत्येक विष, उद्या पोटात जाणारं एखादं कधी न पाहिलेलं रसायनही आधीपासून ओळखता यायला हवं. तेवढी यादी कोण ठेवणार? उलट ठेवायच्या वस्तूंची यादी लहान आणि ठरलेली: पाणी, साखर, अमिनो आम्लं, मीठ आणि असे थोडे. म्हणून सगळं गाळून बाहेर टाकायचं आणि ओळखीचं तेवढं परत घ्यायचं. अनोळखी असेल ते सहसा बाहेरच राहतं. काही मोजके पदार्थ नेफ्रॉन निवडून बाहेरही टाकतो, ते खरं. पण मोठा कारभार कपाटाच्याच पद्धतीने चालतो. मी आईला हे सांगितलं. "मग तेच तर म्हणतेय मी," असं म्हणून तिने माझ्या हातात एक जुनी पिशवी दिली, टाकायची.

त्यानंतर मूत्रपिंडावरचा प्रश्न माझा सहसा चुकला नाही. पण सगळे हिशेब असे जुळत नाहीत, हेही लवकरच कळलं.

एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे किती रेणू मिळतात? माझ्या एका पुस्तकात ३८ होते. दुसऱ्यात ३६. तिसऱ्यात ३० ते ३२. हिशेबनिसाला यापेक्षा मोठी यातना नाही. एकच व्यवहार, तीन पावत्या. रात्री साडेअकराला मी तिन्ही पुस्तकं उघडी टाकून बसले आणि विचारायला कुणीही नव्हतं. चीड आली होती. थोडं रडूही आलं. मग एका कागदावर आडव्या रेघा मारल्या आणि पेशीचा जमाखर्च स्वतः लिहायला घेतला. थेट मिळणारे ४ एटीपी. मग ऊर्जा वाहून नेणारे, पुढे एटीपीत वटवायचे दोन रेणू: एनएडीएच १०, एफएडीएच-टू २. जुन्या पुस्तकाने पहिल्याला ३ चा भाव लावला होता, दुसऱ्याला २ चा: तीस अधिक चार अधिक चार, अडतीस. नव्या पुस्तकाने भाव लावला अडीच आणि दीड. पंचवीस अधिक तीन अधिक चार, बत्तीस. नगांची संख्या सगळीकडे तीच होती, दर बदलला होता! बाकीचा दोनाचा फरक वाहतुकीत जातो. तंतुकणिका म्हणजे पेशीचं वीजघर; तिच्याबाहेर तयार झालेलं एनएडीएच आत पोहोचवण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यातली एक महाग पडते.

अडीच रेणू म्हणजे काय, हे मात्र पचायला वेळ लागला. अर्धा एटीपी कुणी पाहिलाय? पीटर मिचेल या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलेली कल्पना नीट वाचली तेव्हा तेही सुटलं. एनएडीएचच्या मोबदल्यात एटीपी थेट हातात पडत नाही. त्याच्या ऊर्जेवर तंतुकणिकेच्या आतल्या पटलाच्या पलीकडे प्रोटॉन ढकलले जातात, सुमारे १०, आणि एक एटीपी बाहेर यायला सुमारे ४ प्रोटॉन परत यावे लागतात. दहाला चाराने भागा, अडीच. एफएडीएच-टूचे ६, म्हणून दीड. धरणात पाणी साठवून मग जनित्र फिरवण्यासारखं. मिचेलचं म्हणणं बरीच वर्षं फारसं कुणी मानलं नाही. १९७८ साली त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. मी त्या रात्री दोन वाजता झोपले आणि सकाळी कामावर एका बिलावर तारखेच्या जागी ३२ लिहिलं.

पुस्तकंही चुकतात, आणि चूक मागील पानावरून पुढे जात राहते, हे एकदा कळलं की भीती जरा कमी होते. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं तीसेक वर्षं जग मानत होतं. पुन्हा मोजणाऱ्यांनाही ४८ च दिसत, कारण तेवढी दिसायला हवीत हे त्यांना आधीच माहीत असे. मग जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान या शास्त्रज्ञांनी चांगली तयार केलेली पेशी पाहिली, ४६ मोजली आणि १९५६ साली ते प्रसिद्ध केलं. माझ्या आठ नावांच्या खुणांची आठवण झाली. त्याच धड्यात एक गंमत सापडली. गुणसूत्रांच्या २३ जोड्यांमधून एकेक उचलून बीजपेशी होते, तेव्हा नुसत्या या निवडीचे प्रकार होतात दोनाचा तेविसावा घात, म्हणजे ८३,८८,६०८. जवळपास चौऱ्याऐंशी लक्ष! योगायोगच, अर्थ काही काढू नये. पण हा आकडा मी पुन्हा कधी विसरले नाही.

सगळ्याला असा ताळा नसतो, हेही सांगून टाकते. वनस्पतींच्या कुळांची लक्षणं, कवटीतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या, कुठला रोग कुठल्या जंतूमुळे, हे मी पाढ्यांसारखं घोकलं. त्यात काही तत्त्व शोधायला गेले असते तर अजून बसलेच असते. घोकंपट्टीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांना मी एकदा त्या बारा जोड्या क्रमाने म्हणायला लावणार आहे.

पहिल्या प्रयत्नात गुण कमी पडले. फार नाही, फार पडले असते तर सोडून दिलं असतं, हीच पंचाईत. दुसऱ्या वर्षी मी चुकांची खतावणी घातली. तीन रकाने: माहीत नव्हतं, माहीत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही, आणि खात्री होती तरी चुकलं. पहिल्या रकान्यावर अभ्यास हा उपाय आहे, दुसऱ्यावर सावकाशी. तिसरा रकाना सगळ्यात लहान होता आणि मी त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला. त्यातल्या प्रत्येक नोंदीमागे कुठे ना कुठे एखादं उलटं हृदय निघत होतं. फुप्फुसधमनीत शुद्ध रक्त असणार, धमनी आहे ना, ही त्यातलीच एक. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी. रक्त कसलं आहे याच्याशी त्या नावाचं देणंघेणं नाही. तेही मी महिनोनमहिने खात्रीने चुकीचं लिहिलं होतं.

दुसऱ्या खेपेला परीक्षेत हृदयावर प्रश्न आलाच. आकृती दिली होती, कप्प्यांवर अक्षरं होती, आणि त्रिदल झडप, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूची, कोणत्या अक्षरापाशी ते विचारलं होतं. उत्तर मला लगेच दिसलं. लगेच दिसलं म्हणूनच मी पेन खाली ठेवलं. कागद उचलून छातीशी धरला, चित्राची बाजू बाहेर, समोरच्याने बघावं तशी, आणि डोळे मिटून उजवा हात उजव्या बाजूला ठेवला.

डोळे उघडले तर पर्यवेक्षक बाकाशी वाकून उभे होते.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला? पाणी आणू?"

मी मान हलवून नको म्हटलं, कागद परत बाकावर ठेवला आणि गोल भरला.